पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचा अनुभव पुण्यातील मुलाखतीत कसा मांडावा?

वारणाकाठ (सांगली)

नमस्कार. मी सांगलीत राहतो आणि गेली तीन वर्षे मिरजेतील एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत डेव्हलपर म्हणून काम करतो. आम्ही सहा जण मिळून आसपासच्या पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. त्यात ठेवी, कर्जखाती, पिग्मी एजंटांचा रोजचा भरणा, पासबुकाची छपाई, दिवसअखेर आणि व्याजआकारणी असे सगळे येते. पीएचपी ही प्रोग्रामिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस ही आमची मुख्य साधने आहेत. पगार मोजकाच आहे, परंतु नोकरी बदलण्याचे तेवढेच कारण नाही. माझा कोड वाचून चूक दाखवील असे अनुभवी माणूस आमच्याकडे कोणी नाही आणि हे असेच चालू राहिले तर माझे शिकणे इथेच थांबेल, ही भीती मला अधिक वाटते.

गेल्या चार महिन्यांत मी पुण्यातील चार कंपन्यांत मुलाखती दिल्या. पहिल्या ठिकाणी ऑनलाइन कोडिंग टेस्ट होती. साठ मिनिटांत दोन प्रश्न सोडवायचे होते आणि त्यांतील एकात, संख्यांच्या यादीतून दिलेल्या बेरजेइतकी होणारी जोडी शोधायची होती. मी लूपमध्ये लूप लिहिला. नमुन्याच्या चाचण्या पार पडल्या, पण मोठ्या चाचण्यांना वेळमर्यादा ओलांडल्याचा शेरा आला. दुसऱ्या ठिकाणी प्रत्यक्ष बोलावले होते. रात्रीच्या एसटीने निघून पहाटे स्वारगेटला उतरलो आणि साडेनऊला हिंजवडीत हजर झालो. मुलाखत दुपारी तीन वाजता झाली, तीही जेमतेम बारा मिनिटे, आणि त्यातला बराचसा वेळ पदवीनंतरच्या सात महिन्यांत मी काय करत होतो या एकाच प्रश्नावर गेला. त्या काळात वडिलांची शस्त्रक्रिया झाली होती आणि घरी दुसरे कोणी नव्हते, एवढे साधे उत्तरही मला नीट देता आले नाही. तिसऱ्या मुलाखतीत इंग्रजीत बोलताना वाक्ये अर्धवट राहत गेली.

चौथी मुलाखत मात्र मनातून जात नाही. व्हिडिओ कॉलवर समोरच्या गृहस्थांनी माझा रेझ्युमे वाचून विचारले, “एकाच खात्यावर दोन काउंटरवरून एकाच वेळी व्यवहार झाला, तर तुमचे सॉफ्टवेअर काय करते?” डेटाबेसमधील व्यवहार विश्वासार्ह राहावेत म्हणून लागणाऱ्या ‘ॲसिड’ या चार गुणधर्मांची पाठ केलेली व्याख्या मी सांगितली. ते म्हणाले, “व्याख्या बरोबर आहे, पण तुमच्या कोडमध्ये नेमके काय घडते?” मला एक शब्दही सुचला नाही. कॉल संपल्यावर लक्षात आले की हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच होता.

माझे विचारणे असे आहे की, पुण्यातील कंपन्यांच्या दृष्टीने या अनुभवाला खरोखर काही किंमत आहे का, की आधी नवे तंत्रज्ञान शिकून मगच अर्ज करावेत? आणि ज्यांनी आपल्या भागातून जाऊन अशा मुलाखती दिल्या आहेत, त्यांनी तयारी नेमकी कशी केली?

कृष्णाकोयना (मूळचा कराडचा, सध्या पुण्यात)

मी बारा वर्षांपासून या क्षेत्रात आहे आणि गेली पाच वर्षे मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसतो. तुमच्या चौथ्या मुलाखतीबद्दलच विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते त्या गृहस्थांनी तुम्हाला मनापासून संधी दिली होती. तुमच्या रेझ्युमेवरील पतसंस्थेचे काम त्यांना महत्त्वाचे वाटले म्हणूनच त्यांनी तो प्रश्न काढला.

समजा, खात्यात १०,००० रुपये आहेत. पहिल्या काउंटरवर २,००० रुपयांचा भरणा होतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या काउंटरवर ३,००० रुपयांची विड्रॉल स्लिप येते. दोन्ही संगणकांनी आधी शिल्लक वाचली, ती दोघांनाही १०,००० दिसली. पहिल्याने पीएचपीमध्ये बेरीज करून १२,००० लिहिले आणि लगेच दुसऱ्याने वजाबाकी करून ७,००० लिहिले. खरी शिल्लक ९,००० असायला हवी होती, म्हणजे खातेदाराचा २,००० रुपयांचा भरणा नोंदवहीत दिसतो पण शिलकेत दिसत नाही. संध्याकाळी दिवसअखेरीला ताळा जमत नाही आणि कॅशियर बिचारा रात्री आठपर्यंत स्लिपा चाळत बसतो. हे चित्र तुम्ही पाहिलेले असणार. मुलाखतीत नेमके हेच सांगायचे असते, अगदी याच आकड्यांसह.

त्यानंतर उपायाकडे वळावे. एक मार्ग असा की ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पार पडतील किंवा एकही नाही, असा गट) सुरू करून ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ या विधानाने त्या खात्याची ओळ लॉक करावी, म्हणजे पहिला व्यवहार पूर्ण होईपर्यंत दुसरा थांबतो. दुसरा मार्ग असा की शिल्लक पीएचपीत आणून हिशेब करण्याऐवजी अपडेटच्या विधानातच ‘शिल्लक बरोबर शिल्लक अधिक २,०००’ असे लिहावे, म्हणजे हिशेब डेटाबेसच करतो. तिसऱ्या मार्गात प्रत्येक ओळीला आवृत्तीक्रमांकाचा कॉलम ठेवतात आणि लिहिताना तो बदललेला आढळला तर व्यवहार पुन्हा करायला लावतात. तिन्ही मार्ग पाठ करून सांगणारे उमेदवार पुष्कळ भेटतात. तुमच्या दोन-तीन काउंटरच्या संस्थेसाठी यांपैकी कोणता पुरेसा आहे आणि का, हे जो सांगतो त्याचे नाव मी पुढच्या राउंडला पाठवतो.

इथे एक सूक्ष्म मुद्दा पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. केवळ ट्रान्झॅक्शनमध्ये कोड गुंडाळला म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटते. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या इंजिनमध्ये (टेबले साठवणाऱ्या भागात) ‘रिपीटेबल रीड’ ही आयसोलेशनची, म्हणजे एकाच वेळचे व्यवहार एकमेकांपासून किती वेगळे ठेवायचे याची, पातळी मूळपासून लागू असते आणि त्या पातळीवर साधे सिलेक्ट लॉक घेत नाही. त्यामुळे वाचलेल्या शिलकेवर पीएचपीत हिशेब करून ती परत लिहिली, तर वरचा घोटाळा ट्रान्झॅक्शन असूनही होऊ शकतो. शिवाय तुमचे एखादे गिऱ्हाईक फार जुने असेल तर टेबलांचे इंजिन अवश्य तपासा. मायएसक्यूएलच्या ५.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१० पासून, इनोडीबी हे मूळचे इंजिन झाले. त्याआधी ते मायआयसॅम होते आणि त्यात ट्रान्झॅक्शनची सोयच नाही.

अनुभवाला किंमत आहे का, असे तुम्ही विचारता. पिग्मी एजंटाच्या मशीनमधली फाइल चुकून दोनदा अपलोड झाली तर रक्कम दोनदा जमा होते का, हे तुम्ही कसे रोखता? पावतीक्रमांक, एजंट आणि तारीख मिळून युनिक की (तीच नोंद दुसऱ्यांदा न घेण्याची अट) लावली असेल, तर पैशांचे ऑनलाइन व्यवहार हाताळणाऱ्या कंपन्यांत ज्या विषयावर अर्धा तास चर्चा होते तो तुम्ही मिरजेत बसून सोडवलेला आहे. व्याजाची रक्कम फ्लोट या द्विमान प्रकारात ठेवता की डेसिमल या दशमान प्रकारात? ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही, म्हणून फ्लोटमध्ये पैशांचा हिशेब ठेवला तर पै-पैची चूक साचत जाते. एका खात्यातून दुसऱ्यात रक्कम वळवताना दोन व्यवहार एकमेकांच्या लॉकसाठी अडून राहू नयेत म्हणून लहान खातेक्रमांकाची ओळ आधी लॉक करता का? या प्रश्नांची उत्तरे तुमच्या कोडमध्ये आहेत किंवा नाहीत, हे आधी उघडून पाहा. नवे फ्रेमवर्क त्यानंतर शिका.

शाहूपुरी (सातारा)

वरील प्रतिसाद मी दोनदा वाचला. मला मात्र कोडिंग टेस्ट आणि बोलण्याची तयारी या दोन बाबींवर लिहायचे आहे, कारण मी स्वतः दोन वर्षांच्या खंडानंतर मागच्या वर्षी पुन्हा नोकरीला लागले आणि त्यापूर्वी सात मुलाखतींत अपयशी ठरले होते.

जोडी शोधण्याच्या त्या प्रश्नात यादीची लांबी किती असू शकते, हे प्रश्नाखालच्या अटींमध्ये दिलेले असते आणि कोड लिहिण्यापूर्वी तेच वाचायचे असते. १० लाख संख्या असतील तर लूपमध्ये लूप लिहून सुमारे ५०,००० कोटी जोड्या तपासाव्या लागतात. संगणक सेकंदाला १० कोटी साध्या पायऱ्या करतो असे ढोबळमानाने धरले, तर त्याला ५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ दीड तास लागेल. हॅशमॅप (आधी आलेली संख्या झटकन शोधता येणारा साठा) वापरला तर यादीवरून एकदाच जायचे. प्रत्येक संख्येपाशी थांबून ‘बेरीज पूर्ण करणारी जोडीदार संख्या आधी येऊन गेली आहे का’ एवढेच पाहायचे. मग १० लाख पायऱ्यांत काम होते, त्या बदल्यात मेमरी जास्त लागते. हा गुणाकार मी दर वेळी कागदावर करू लागले तेव्हापासून माझे वेळमर्यादेचे शेरे बंद झाले. शेकड्यांनी प्रश्न सोडवण्याची गरज मला भासली नाही. ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, बायनरी सर्च, स्टॅक, ट्री यांवरचे साठ-सत्तर प्रश्न मी सोडवले, आणि प्रत्येक प्रश्न आठवड्याने पुन्हा कोऱ्या वहीत लिहिला.

आता इंग्रजीविषयी. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले. मुलाखतीत मी मनात मराठी वाक्य तयार करायचे, त्याचे भाषांतर करायचे आणि तोवर समोरचा माणूस पुढचा प्रश्न विचारायचा. माझ्या मैत्रिणीने एक उपाय सुचवला. रोज संध्याकाळी फोनवर मी तिला माझ्या कामातला एक भाग आधी मराठीत समजावून सांगायचा आणि लगेच तोच इंग्रजीत, वाक्ये लहान ठेवून. मराठीत सांगतानाच मी अनेकदा अडखळले आणि तेव्हा उमगले की अडचण इंग्रजीची कमी होती, मलाच तो भाग पुरता कळलेला नव्हता. सहा आठवड्यांत फरक पडला. कोड लिहिताना तोंडाने बोलत राहण्याची सवयही तिथेच लागली. मुलाखत घेणाऱ्याला आपले मन दिसत नाही. आपण गप्प बसून योग्य दिशेने विचार करत असलो तरी त्यांच्या लेखी आपण अडकलेलेच असतो.

खंडाबद्दल विचारतात तेव्हा दोन वाक्यांत खरे सांगावे आणि थांबावे. “वडिलांची शस्त्रक्रिया झाली, त्यांची काळजी घ्यायला मी घरी होतो; ते बरे झाल्यावर मी कामाला लागलो आणि त्यानंतर खंड नाही,” एवढे पुरे आहे. आजारी वडिलांपाशी राहिल्याबद्दल दिलगिरीचा सूर लावायचे काहीच कारण नाही, दादा.

वाईकर

कोडिंग टेस्टला इतके महत्त्व द्यावे का, याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. मोठ्या कंपन्यांत ती चाळणी असते हे खरे, परंतु पुण्यातील अनेक लहान कंपन्या घरी करायचे काम देतात आणि पुढच्या राउंडमध्ये त्याच कोडवर प्रश्न विचारतात. तीन वर्षे प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाला हा मार्ग अधिक अनुकूल आहे. मला दिलेल्या कामात एका साध्या ग्रंथालयाची एपीआय (इतर प्रोग्रामना माहिती देण्या-घेण्याची सोय) करायची होती. मी वैशिष्ट्ये मोजकीच केली, पण प्रकल्प कसा चालवायचा हे रीडमी फाइलमध्ये नीट लिहिले, चुकीची माहिती आली तर काय होते याच्या चाचण्या लिहिल्या आणि कोडमधील बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमध्ये टप्प्याटप्प्याने कमिट (नोंद) केले. मुलाखतीचा निम्मा वेळ त्या कमिटच्या इतिहासावरच बोलण्यात गेला.

मर्यादा मात्र आपण ठरवावी. एका ठिकाणी मला दहा दिवस लागतील एवढे काम दिले गेले आणि ते त्यांच्या चालू उत्पादनाचाच भाग असल्याचे वाचताच कळत होते. असे काम नम्रपणे नाकारावे. एक-दोन दिवसांत होणारे काम न्याय्य, त्यापुढची ती विनामोबदला मजुरी.

शाहूपुरी (सातारा)

वाईकरांचे म्हणणे मान्य आहे. तरीही वारणाकाठ यांनी ज्या चार ठिकाणी अर्ज केले त्यांतील एका ठिकाणी पहिलीच पायरी कोडिंग टेस्टची होती. ती ओलांडल्याशिवाय आपले खरे काम दाखवायची वेळच येत नाही, म्हणून दररोज तासभर तरी त्यासाठी ठेवावा असे मला वाटते.

तासगावकर

मुलाखत उत्तीर्ण झाल्यावर काय तपासावे, याबद्दल दोन शब्द लिहितो, कारण याच टप्प्यावर मी फसलो होतो. एका कंपनीने निवड झाल्याचे सांगून दोन वर्षांचा बाँड (मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याचा करार), मूळ गुणपत्रिका आणि वर ‘प्रशिक्षण शुल्क’ मागितले. मी पैसे भरले. तीन महिन्यांत प्रशिक्षण नावापुरते झाले आणि मूळ गुणपत्रिका परत मिळवण्यासाठी मला पाच खेपा घालाव्या लागल्या. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागितले की तिथेच उठावे आणि मूळ कागदपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नयेत. दाखवावीत, प्रती द्याव्यात.

बाँडला काही अर्थ नसतो, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. तेही पूर्णपणे खरे नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी भरपाई मिळू शकते. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे नोकरी न केल्यास २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. त्यामुळे सही करण्यापूर्वी मुदत आणि रक्कम वाचा. नोटीस पिरियड किती आहे तेही वाचा, कारण पुढची नोकरी मिळवताना तीन महिन्यांचा नोटीस पिरियड मोठा अडसर ठरतो.

आणखी एक. अनुभव वाढवून दाखवण्याची खोटी प्रमाणपत्रे विकणारे लोक सांगलीतही भेटतात आणि पुण्यातही. कंपन्या भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून नोकरीच्या तारखा पडताळून पाहतात. तीन वर्षांचा खरा अनुभव हाताशी असताना तुम्ही त्या वाटेला जाणार नाही याची मला खात्री आहे, पण हा धागा वाचणारे इतरही असतील.

वारणाकाठ (सांगली)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बारा दिवसांनी लिहितो आहे, कारण कृष्णाकोयना यांनी सांगितल्याप्रमाणे आधी आमचा कोड उघडून पाहिला.

पिग्मीच्या फाइलला युनिक की आहे आणि ती मीच दोन वर्षांपूर्वी लावली होती. एका एजंटाचा भरणा दुबार जमा झाल्याची तक्रार आली म्हणून लावली आणि विसरूनही गेलो. याला मुलाखतीत सांगण्यासारखे काम म्हणतात, हे मला आता कळले. व्याज डेसिमलमध्येच आहे. टेबले सगळीकडे इनोडीबीची आहेत, फक्त एका जुन्या संस्थेत दोन टेबले मायआयसॅमची निघाली. परंतु काउंटरवरच्या व्यवहाराचा कोड पाहिला तेव्हा मी सुन्न झालो. शिल्लक वाचून पीएचपीत हिशेब करून परत लिहिली जात होती, ट्रान्झॅक्शन होते पण लॉक नव्हता. म्हणजे त्या मुलाखतीतील प्रश्नाचे खरे उत्तर ‘आमच्या कोडमध्ये भरणा हरवू शकतो’ असे होते. मी दोन ब्राउझर उघडून, मध्ये दहा सेकंदांचा थांबा घालून, चाचणीच्या खात्यावर तो प्रकार घडवून पाहिला आणि तंतोतंत ७,००० शिल्लक आली. मालकांना दाखवले. त्यांनी त्याच दिवशी दुरुस्ती करायला सांगितली आणि आता हिशेब अपडेटच्या विधानातच होतो. गेल्या वर्षी एका संस्थेत ताळा न जमण्याचे प्रकार दोनदा झाले होते आणि आम्ही ते क्लार्कच्या चुकीवर ढकलले होते. त्याचे मला फार वाईट वाटले. त्या नोंदी मी आता पुन्हा तपासतो आहे.

शाहूपुरी ताईंच्या सांगण्यावरून रोज रात्री चुलत भावाला हाच प्रसंग आधी मराठीत आणि मग इंग्रजीत सांगतो. काल पहिल्यांदा न थांबता सहा मिनिटे बोललो. येत्या गुरुवारी एका कंपनीचा तांत्रिक राउंड आहे.

कृष्णाकोयना (मूळचा कराडचा, सध्या पुण्यात)

वाचून फार बरे वाटले. ही दुरुस्ती गुरुवारी अवश्य सांगा. चूक तुमच्याच कोडमध्ये होती हेही लपवू नका. ती दहा सेकंदांचा थांबा घालून कशी घडवून पाहिली, इथून सुरुवात करा.

एक गोष्ट विचारायची राहिली. शिल्लक ऋणात जाऊ नये म्हणून अपडेटच्या विधानात ‘शिल्लक रकमेपेक्षा कमी नसेल तरच’ अशी अट घातली आहे का? आणि घातली असेल, तर त्या विधानाने किती ओळी बदलल्या हे पीएचपीत तपासता का? शून्य ओळी बदलल्या तर विधान कोणतीही चूक दाखवत नाही. न तपासता कोड पुढे गेला तर स्लिप मंजूर होते, रोकड दिली जाते आणि शिल्लक मात्र तशीच राहते.

वारणाकाठ (सांगली)

अट घातली आहे. बदललेल्या ओळींची संख्या तपासलेली नाही. आत्ताच कार्यालयात जाऊन आधी तेवढे करतो.